दारांवर पेललेली कमान

शिंपिणीचं दार निळं होतं, गिरणीवाल्याचं हिरवं, आणि मधल्या दोन दारांना कधी रंग लागलाच नव्हता. ताई कमानीखाली उभी राहून वर बघत होती. दारं तिच्या डोक्यावर आडवी निजली होती, कड्याकोयंड्यांसकट, एकाला एक लावून, आणि त्यांच्या पाठीवर विटांचं सगळं ओझं होतं. एका दारावर कुणीतरी पोरांची उंची खिळ्याने कोरून ठेवली होती. दार आता आडवं झाल्यामुळे पोरं वाढायची सोडून नुसतीच पसरत गेल्यासारखी वाटत होती.

लोकशाळेकडे नव्या खोलीच्या कमानीच्या सेंट्रिंगला, म्हणजे विटा खालून पेलून धरायला, फळ्या नव्हत्या. भाड्याने आणायच्या नाहीत, नवं लाकूड तोडायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, तेव्हा शिंपीणच म्हणाली होती, "माझं दार घेऊन जा. दोन आठवडे पडदा लावते." मग एकेक करत साऱ्या वस्तीने दारं दिली. दोन आठवड्यांचे चार झाले. थंडी पडायला लागली. आज दारं घरी जायची होती.

"आई, पुन्हा इथेच?"

मुंगी आत आली. तिच्या हातात लाकडी हातोडा होता. लहानपणी ती एकेक वीट छातीशी धरून दिवसभर वाहत राहायची, तेव्हापासूनचं तिचं हे नाव. आता ती एकोणीस वर्षांची होती, आणि ही कमान तिची होती. आखणी तिची, विटा थापणारी पोरं तिची, चुन्याचं मिश्रणही तिचं.

"झोपलीस का?" ताईने विचारलं.

"झोपले की."

"खोटं बोलू नकोस. डोळे बघ."

"मग कशाला विचारतेस?" मुंगी हसली. टेकूखालच्या पाचरी ती वाकून बघू लागली. "सगळ्या पाचरी एकदम नाही काढायच्या. थोड्या थोड्या सैल करायच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या. कमान आपली आपण बसत जाते. आणि मी इथे. बरोबर मध्ये."

ताईने पुन्हा वर बघितलं. जे बांधलं त्याचे टेकू निघताना बांधणाऱ्याने त्याच्याखाली उभं राहायचं, हा या शाळेचा रिवाज होता. ताईच्या आईने तो पाडला होता. तिला सगळे बाई म्हणत, तिची स्वतःची मुलंसुद्धा. ताई स्वतः अशी उभी राहिली होती, विणकामाच्या खोलीखाली. तिचा मोठा भाऊ दादा तर तीन वेळा. तेव्हा भीती वाटली होती का, हे ताईला आठवून आठवेना. आठवत होते ते फक्त बाहेर टाळ्या वाजवणारे लोक. आज ती शाळेची प्रमुख होती. तिलाच टाळ्या वाजवायच्या होत्या.

"मुंगे, उत्तरेची भिंत..."

"आई, काल संध्याकाळी दादामामाने काच बघितली. शाबूत आहे."

उत्तरेची भिंत जुनी होती. इथे पूर्वी दूध गोळा करण्याची शेड होती, तिच्यातली एवढी एकच भिंत उरलेली. उभं आहे ते पाडायचं नाही, वापरायचं, हे शाळेत पोरांना अ-आ-ईच्या आधी शिकवतात. मुंगीनेही तेच केलं. दक्षिणेला नवी भिंत घेतली, उत्तरेला जुनी ठेवली, आणि दोघींच्या खांद्यांवर कमान टाकली. जुन्या भिंतीला बाहेरून केसाएवढी एक भेग होती. भेगेवर दादाने सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांना पीओपीने चिकटवली होती. भिंत जरा जरी सरकली तरी काच तडकणार. काच शाबूत म्हणजे भिंत स्वस्थ. इतकं साधं.

"काच शाबूत आहे," ताई स्वतःशीच म्हणाली, आणि पाहुण्यांसाठी चहाचं बघायला गेली.

*

ताईच्या धाकट्या भावाला घरात सगळे अजून छोट्याच म्हणत. पन्नाशी आली, विमा कंपनीत हाताखाली बारा माणसं आली, तरी फाटकातून आत पाऊल टाकलं की तो छोट्या. आज तो सर्वांच्या आधी आला होता. त्याला काही काम जमत नाही असा शाळेत समज होता, आणि समज खरा होता. म्हणून त्याने झाडू घेतला.

अंगण झाडलं. पायवाट झाडली. मग नव्या खोलीला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला गेला, तर भिंतीच्या पायथ्याशी काचेचे तुकडे.

"काय ही पोरं!" तो पुटपुटला. तासाभरात इथे अनवाणी पोरांची झुंबड उडणार होती. त्याने एकेक तुकडा हाताने वेचला, सुपलीत घेतला, आणि भिंतीवर पीओपीचे दोन गबाळे ठिपके दिसले तेही पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढले. भिंत कशी छान दिसायला लागली. शाळेत कचऱ्याच्या पाच पेट्या होत्या. त्यातली काचेची कोणती, हे त्याने एका लहान मुलीला विचारून घेतलं.

"तुम्ही मोठे असून माहीत नाही?" ती म्हणाली.

"मी बाहेरगावी असतो ना."

"तिथे काच कुठे टाकतात?"

त्याने सुपली घाईने पेटीत उलटी केली. पण काच बरोबर पेटीत पडली, आणि त्याला बऱ्याच दिवसांनी या आवारात आपला काही उपयोग झाल्यासारखं वाटलं.

*

उन्हं वर आली तशा हातगाड्या यायला लागल्या. प्रत्येकाने दार न्यायला काहीतरी आणलं होतं: कुणी हातगाडी, कुणी सायकल, कुणी नुसतेच दोन भाऊ. गिरणीवाला सर्वांत पुढे.

"काय दादासाहेब," तो म्हणाला, "तुम्ही तर सिमेंटवाले. इकडे चुन्यात कसे काय?"

"भाचीने बोलावलं, आलो."

"म्हणजे आता काळजी नाही. नाहीतर आमची दारं विटांखाली गेली असती. आमच्या सौ. म्हणतात, दार नसल्याने एक बरं झालं, रुसून निघून जाताना आपटायला काही राहिलं नाही."

लोक हसले. दादाही हसला. वीस वर्षांत तो या अंगणात हसला नव्हता. बाईंशी भांडून तो गेला, काँक्रीटच्या इमारती बांधू लागला, पैसा केला, त्या सगळ्याची उजळणी आता कुणालाच नको होती. महिन्यामागे मुंगीचा फोन आला होता: "दादामामा, कमानीच्या खांद्यावर माती कधी भरायची? टेकू काढायच्या आधी की नंतर?" आधी, असं त्याने सांगितलं. नंतर गाडी काढली आणि स्वतःच आला. बाई त्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "आलास? हात धू. चुना कालवायचाय."

शिंपीण मागच्या बाजूला उभी होती, कुशीत बाळ. बाळ खोकत होतं.

"वहिनी, आत बसा ना, वाऱ्यात कशाला?" ताई म्हणाली.

"बसते. दार मिळालं की लगेच निघते. रात्रभर पडदा फडफडतो आणि हा दचकून उठतो." मग घाईने तिने जोडलं, "तक्रार नाही करत हं. मीच दिलं होतं."

लोक जमेपर्यंत बाईंनी पोरांना गोळा केलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या, पण पोरं दिसली की त्यांच्या आवाजाला धार यायची.

"कमान कशी उभी राहते, कोण सांगेल?"

"विटा चिकटवून!"

"चिकटवून नाही. एकमेकींना ढकलून. तुम्ही दोघं या इकडे. समोरासमोर उभे राहा, तळहाताला तळहात लावा. आता पाय मागे. अजून मागे. झुका. बघा, झाली कमान! तो पडत नाही कारण हा ढकलतोय. हा पडत नाही कारण तो."

"बाई, माझे पाय सरकतायत!"

"मग कुणीतरी त्याच्या टाचांना पाय लावा. लावला? आता?"

"आता नाही सरकत."

"झालं. कमानीचं सगळं भांडण टाचांपाशी असतं. डोक्यावर काय आहे ते बघू नका, पायाशी काय आहे ते बघा."

दादा ऐकत होता. हाच धडा त्याने याच अंगणात, याच शब्दांत ऐकला होता. तेव्हा सरकणारे पाय त्याचे होते. काहीही ठरवलेलं नसताना तो उठला आणि उत्तरेच्या भिंतीकडे गेला. एकदा बघून घ्यावं, इतकंच.

काच नव्हती.

प्रथम त्याला वाटलं, आपण चुकीच्या जागी उभे आहोत. मग भेग सापडली. तिच्या दोन्ही बाजूंना पीओपी खरवडल्याचे ताजे ओरखडे होते. तो भेगेवर डोळा लावून बसला. काल होती त्याहून रुंद आहे का? नसावी. असेलही. माणसाच्या डोळ्याला केस आणि दीड केस यांतला फरक कळत नाही, म्हणून तर काच लावतात.

"मुंगे!" त्याने हाक मारली. हाक मोठ्याने निघाली असावी, कारण अंगणातल्या बऱ्याच माना वळल्या.

*

अवजारांच्या खोलीत घरचे पाचही जण उभे होते. बसायला जागा नव्हती, आणि असती तरी कुणी बसलं नसतं.

"मी उचलली," छोट्या तिसऱ्यांदा म्हणाला. "मला काय माहीत? मला वाटलं पोरांनी फोडली. कुणाच्या पायात गेली असती तर?"

"छोट्या, भिंतीला चिकटवलेली काच पोरं कशाला फोडतील?" ताईचा आवाज चढला.

"चेंडू लागला असेल!"

"मामा, नीट आठवा," मुंगी शांतपणे म्हणाली. तिचा चेहरा मात्र चुन्यासारखा झाला होता. "तुकडे केवढे होते? मधोमध सरळ तडकली होती की चुरा झाला होता?"

"तीन-चार तुकडे. बहुतेक. पडल्यावर फुटले असतील तर? मला खरंच सांगता येणार नाही गं."

"पेटीत बघू?" ताई म्हणाली.

"पेटीत महिन्याभराची काच आहे," मुंगी म्हणाली.

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. त्याला ते नको होतं. वीस वर्षांनी आलेल्या माणसाने थांबा म्हणायचं? बाहेर साठ-सत्तर माणसं गाड्या घेऊन उभी. सिमेंटवाल्याने येऊन चुन्याची कमान अडवली, हे गिरणीवाला पुढची वीस वर्षं पिठाबरोबर घरोघर पोचवणार.

"चेंडू लागू शकतो," दादा म्हणाला. "काल संध्याकाळपर्यंत ठीक होती. परवा माती भरली तेव्हाही ठीक होती. एका रात्रीत..." तो थांबला. "एका रात्रीत होऊही शकतं."

"म्हणजे काय? हो की नाही?" ताईने विचारलं.

"म्हणजे मला माहीत नाही."

"मग आज होणार नाही. मी बाहेर जाऊन सांगते."

"काय सांगशील?" बाई म्हणाल्या. इतका वेळ त्या फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "आमची काच कुणीतरी झाडून टाकली म्हणून दारं मिळणार नाहीत? लोकांनी थंडीत चार आठवडे काढले. पुढच्या वेळी कोण देईल? दार सोड, पाट तरी देईल कुणी?"

"बाई, माझी मुलगी आहे ती!"

"माझी नात आहे. म्हणून मी उभी राहते."

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही.

"मी उभी राहते," बाई पुन्हा म्हणाल्या. "रिवाज माझा आहे. बांधणाऱ्यांत माझाही हात आहे, चुना मी कालवलाय. माझं जगून झालंय. पोरगी बाहेर राहील, लोकांना दारं मिळतील. संपलं."

"हे कुठलं बोलणं?" छोट्या म्हणाला. "बाई, तुमचा तर विमासुद्धा..." आणि त्याने जीभ चावली.

"याला नको तिथे नको ते सुचतं," दादा म्हणाला.

"तू बोलू नकोस दादा," छोट्या उसळला. "काच तू लावलीस. 'हात लावू नये' एवढी पाटी लावायला काय झालं होतं?"

हे खरं होतं. दादाने मान खाली घातली. ताई त्याच्या बाजूने बोलायला गेली, मग आपण आत्ताच छोट्यावर ओरडलो हे आठवून थांबली. लहानपणी हे दोघं भांडायचे तेव्हा ती अशीच मधे उभी असायची, आणि निकाल बाई द्यायच्या. आज बाईंचा निकाल तिला मान्य नव्हता. असं पहिल्यांदाच होत होतं.

"नाही," ती म्हणाली. "बाई, नाही. तुम्ही नाही, ती नाही, कुणीच नाही."

"मग कमान खरी की खोटी, लोकांनी ओळखायचं कसं?"

मुंगी हातोड्याच्या दांड्यावरून बोट फिरवत होती. "बाई," ती म्हणाली, "तुम्ही पोरांना काय सांगत होतात मघाशी? डोक्यावर नाही, पायाशी बघा. मी आत उभी राहिले तर लोक माझ्याकडे बघतील. भिंतीकडे कोण बघणार?"

बाईंनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं.

"दादामामा, पीओपी आहे गाडीत?"

"आहे."

"वाळायला किती वेळ?"

"चहा होईपर्यंत."

"मग नवीन काच लावू. खोलीच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या रांगेच्या पाचरी बाहेरून लांब वाशाने ठोकता येतात. फक्त तेवढ्याच, अगदी दोराभर सैल करू. आत कुणी नाही. सगळ्यांनी काचेकडे बघायचं. काही झालं नाही, तर मी आत जाते आणि पुढचं काम ठरल्याप्रमाणे."

"आणि झालं तर?" ताईने विचारलं.

"झालं तर पाचरी परत ठोकायच्या, आणि लोकांना मी सांगायचं. तू नाही, आई. मी."

*

लोकांना उत्तरेच्या बाजूला बोलावलं तेव्हा कुजबूज झाली. समारंभ पुढच्या बाजूला होता, तिकडे सतरंज्याही घातल्या होत्या. दादाने काच लावली. या वेळी एक नाही, तीन लावल्या, भेगेच्या वर, मध्ये आणि खाली. पीओपी वाळेपर्यंत चहा फिरला. छोट्या स्वतः कप देत होता आणि कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता.

"हे काय, काचा बघायला बोलावलं का आम्हाला?" गिरणीवाला म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "बघा आणि बोलू नका."

गिरणीवाला कधीकाळी त्यांच्याच वर्गात होता. त्याने हाताची घडी घातली.

बाईंनी पोरांना सर्वांत पुढे बसवलं, भिंतीपासून मात्र लांब. "ज्याचे डोळे सर्वांत चांगले, त्याने मधल्या काचेकडे बघायचं." सगळ्यांचेच डोळे सर्वांत चांगले निघाले.

पुढच्या बाजूला मुंगी वासा धरून उभी होती. दादा तिच्या मागे, वाशाचं दुसरं टोक सांभाळत. ताई कोपऱ्यावर उभी राहिली, दोन्हीकडचं दिसेल अशी. तिला एका बाजूला मुलगी दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला भिंत. कुणाकडे बघावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

"हलक्या हाताने," दादा म्हणाला. "एक डावीकडे, एक उजवीकडे."

ठक्.

ठक्.

आत लाकूड जरासं कुरकुरलं. तेवढं कुरकुरतंच. मुंगीने श्वास सोडला. "आई, काच?"

"ठीक आहे," ताई म्हणाली. पोरांनीही ओरडून सांगितलं, ठीक आहे, ठीक आहे.

"अजून एकेक," दादा म्हणाला.

ठक्. ठक्.

आवाज असा काही झालाच नाही. नंतर प्रत्येकाने आपण आवाज ऐकल्याचं सांगितलं, पण ताई तिथे होती, आणि तिला काहीही ऐकू आलं नाही. फक्त मघाशी छोट्याला पेटी दाखवणारी ती लहान मुलगी उठून उभी राहिली, बोट दाखवून म्हणाली, "गेली." मधली काच, मधोमध, पट्टीने रेघ ओढावी तशी. ताईचं लक्ष तिच्यावर जातंय तोवर खालचीही.

"ठोक परत!" ताई किंचाळली. "मुंगे, ठोक!"

मुंगीने पाचरी परत आत हाणल्या. दोन, चार, सहा घाव. मग वासा तिच्या हातातून निसटला, आणि तो दादाने धरला.

सगळं तसंच होतं. भिंत उभी होती, कमान उभी होती, विटेचा एक कपचाही पडला नव्हता. आत, बरोबर मध्ये, जिथे एक पोरगी उभी राहायची होती, तिथे ऊन पडलं होतं. ताई त्या उन्हाच्या तुकड्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, सरळ मातीतच.

*

मुंगी लोकांसमोर आली तेव्हा तिने हातोडा कुठेतरी ठेवला होता, त्यामुळे हातांचं काय करावं ते तिला कळेना.

"आज दारं मिळणार नाहीत," ती म्हणाली. "जुनी भिंत ठेवायचं मी ठरवलं. ती नुसती उभी राहायला चांगली होती. कमानीचा रेटा तिला सोसत नाही. भिंतीला बाहेरून दगडाचा टेकू बांधावा लागेल, उतरता, जमिनीत पाया घेऊन. तो पक्का होईपर्यंत दारं आहेत तिथेच राहतील. किती दिवस, ते मी आज सांगत नाही. मागे सांगितलं होतं ते चुकलं."

अपेक्षेप्रमाणे तोंड उघडलं ते गिरणीवाल्याने.

"म्हणजे आमच्या सौं.ना अजून आपटायला काही नाही."

कुणी हसलं नाही. तो स्वतःही हसला नाही. "दगड कुठून आणणार?" त्याने विचारलं.

"नदीवरून. हातगाड्या लागतील."

"हातगाड्या आहेतच," तो म्हणाला. "रिकाम्या न्यायच्या तर इकडून न्यायच्या काय, तिकडून न्यायच्या काय." पण दोघं-तिघं न बोलता आपल्या गाड्या घेऊन घरी निघाले, आणि त्यांना कुणी अडवलं नाही. एक जण जाता जाता म्हणाला, "पुढच्या वेळी फळ्या विकत आणा, ताई." ताईने मान हलवली. त्याचंही काही चुकत नव्हतं.

बाई मुंगीजवळ आल्या. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आणि त्या वाजवणाऱ्यांतल्या नव्हत्याही.

"उद्यापासून हा रिवाज बंद," त्या म्हणाल्या. "लोक खाली उभ्या असलेल्या माणसाकडे बघत राहतात. इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. दादा, टेकूचा पाया किती खोल घ्यायचा?"

"कमरेएवढा."

"मग बोलत काय उभा आहेस?"

*

शिंपीण फाटकाशी पोचली होती. बाळाला तिने दोन पदरी गुंडाळलं होतं. छोट्या धावतच तिच्या मागे गेला.

"वहिनी, एक मिनिट. वहिनी! तुमच्या दाराची चौकट केवढी आहे?"

"का हो?"

"असंच. रुंदी केवढी?"

तिने हात पसरून दाखवलं. त्याने तेवढाच हात पसरून धरला, तसाच अवघडत गाडीत बसला, आणि निघून गेला. ताईला वाटलं, नेहमीप्रमाणे काम निघालं की हा पसार.

तो संध्याकाळी परत आला. गाडीच्या टपावर त्याचं स्वतःचं दार बांधलेलं होतं. शहरातल्या फ्लॅटचं: सागवानी, पॉलिश केलेलं, बाहेरचा माणूस बघायला मधोमध भिंगाचं भोक, आणि पितळेच्या पाटीवर त्याच्या मजल्याचा आकडा.

"अरे, आणि तुझ्या घरी?" ताईने विचारलं.

"आत लोखंडी जाळीचं एक आहे. ते लावून घेतलं." मग जरा थांबून, "ही बोलत नाहीये माझ्याशी. बोलेल."

शिंपिणीच्या चौकटीत ते रुंदीला बसलं. उंचीला चार बोटं जास्त निघालं. दादाने ते दोन्ही हातांनी उभं धरलं, खाली वाकून बघितलं आणि भाचीला हाक मारली. मुंगी करवत घेऊन आली. हातांची माती अजून वाळलेली नव्हती. दिवसभर तिने पाया खणला होता.

"मामा, कापू?"

छोट्या दाराच्या चकचकीत पॉलिशवरून हात फिरवत होता. "नंतर पुन्हा जोडता येत नसेल ना?"

"नाही."

"तुझी ती भिंत सावरेल ना गं?"

पेन्सिल कानावरून काढून मुंगीने दाराच्या खालच्या कडेला रेघ ओढली, मग फूटपट्टी लावून पुन्हा तपासली.

"माहीत नाही, मामा. दगड बसला की परत काच लावून बघायचं. धरा हे टोक. हलवू नका."

त्याने टोक धरलं. आत बाळ खोकलं, आणि शिंपिणीने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. करवत पहिल्यांदा पॉलिशवरून घसरली, मग लाकडात रुतली, आणि छोट्याने डोळे मिटून घेतले. हात मात्र त्याने हलू दिला नाही.